कडा कापलेले बालपण

गेल्या काही वर्षांत मराठीत एक नवा ललितप्रकार रुजला आहे. त्याला अद्याप कोणी नाव दिलेले नाही, म्हणून तूर्तास मी त्याला 'यादी' म्हणतो. 'आठवतंय का?' या प्रश्नाने यादीची सुरुवात होते. मग क्रमाने शनिवारची सकाळची शाळा, पिशवीतली पेप्सीकोला, कॅसेटची फीत गुंडाळायला घेतलेली पेन्सिल, रविवारचे दूरदर्शन आणि हटकून डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डे येतात. शेवटी लेखक एक सुस्कारा टाकतो आणि आजच्या मुलांच्या नशिबी हे सुख नाही, असा निकाल देऊन मोकळा होतो. दिवाळी अंकांपासून वृत्तपत्रीय पुरवण्यांपर्यंत हा प्रकार पसरला आहे. मी ज्या वर्गाला मराठी शिकवतो त्या वर्गातही तो आहे. 'बालपणीची एक वस्तू' या विषयावर ललितलेख लिहा असे सांगितले की विशीतली मुले याद्याच आणून देतात. त्यांच्या यादीत कुस्तीगीरांच्या जागी पोकेमॉन आणि क्रिकेट अटॅक्स असतात, एवढाच फरक. सुस्कारा तोच.

या प्रकाराला माझा विरोध आहे. तो भाबडा आहे अशी तक्रार सहसा केली जाते. माझी तक्रार वेगळी आहे: तो लबाड आहे. आठवणीचा आव आणून तो विसरण्याचे काम करतो. हे दाखवण्यासाठी मी मुद्दाम त्यातली सर्वांत निरुपद्रवी वस्तू घेतो, ती म्हणजे मुलांची कार्डे. ती जमवणारा प्रौढ माणूस नेमके काय जमवत असतो, हे नीट पाहिले तर आपल्या ललितगद्याला काय झाले आहे तेही कळेल, असे मला वाटते.

आधी शब्दाविषयी. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द 1688 साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथील आपल्या प्रबंधात घडवला. 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणे आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना. घरापासून दूर राहिलेल्या स्विस तरुणांना जडणारा हा एक आजार मानला गेला होता. तो माणसाला खंगवतो, प्रसंगी त्याचा जीवही घेतो, अशी समजूत होती. मराठीत आपण त्याला 'स्मरणरंजन' म्हणतो. परतणे गेले, वेदनाही गेली. उरले ते स्मरण आणि त्यातून होणारे रंजन. हा पर्याय चुकीचा आहे असे काही अभ्यासक म्हणतात. मला तो फारच अचूक वाटतो. मूळ संकल्पनेचा तो अनुवाद नसेल, पण आपण तिचे काय केले याचे निदान त्यात आहे. स्वेतलाना बॉइम यांनी 'द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया' (2001) या ग्रंथात या भावनेचे दोन प्रकार केले आहेत. एक प्रकार हरवलेले घर पुन्हा बांधू पाहतो; दुसरा पडझडीत रेंगाळत विचार करतो. आपली यादी या दोन्हींत बसत नाही. ती घर बांधत नाही आणि पडझडीतही थांबत नाही. ती घरातले सामान मांडून ठेवते.

आता त्या सामानाविषयी. 1991 नंतर केबल दूरदर्शन गावोगाव पोचले आणि त्याबरोबर अमेरिकन कुस्तीचे ते रंगीत नाटकही आले. त्यामागोमाग शाळेजवळच्या दुकानांत कार्डांचे गठ्ठे लटकू लागले. प्रत्येक कार्डावर एक कुस्तीगीर आणि त्याच्याखाली आकडे: क्रमांक, उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या लढती, जिंकलेल्या लढती. गठ्ठा पिसून वाटायचा. ज्याची पाळी असेल त्याने आपल्या वरच्या कार्डावरचा एक आकडा पुकारायचा. समोरच्याचा आकडा कमी निघाला तर त्याचे कार्ड आपले. योकोझुना आला की वजन पुकारायचे, हे बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक असे. सगळी कार्डे एकाकडे गेली की डाव संपला. ही कार्डे हाताळून हाताळून मऊ होत, त्यांच्या कडा पांढऱ्या पडत, कोपरे उलत. एखादे हरवले तर त्या जागी पुठ्ठ्याचा तुकडा कापून त्यावर शाईने आकडे लिहीत. थोडक्यात, हे कार्ड वापरून झिजण्यासाठी आणि हातातून जाण्यासाठीच होते. जे जाऊ शकत नाही ते जिंकण्यात काय गंमत?

आपल्याकडे ही कार्डे आठवणीपुरती आणि फुटकळ खरेदीविक्रीपुरती उरली. अमेरिकेत मात्र मुलांच्या कार्डांचा एक प्रचंड बाजार उभा आहे, आणि स्मरणरंजन आपल्या तर्काच्या टोकाला गेले की कसे दिसते हे पाहण्यासाठी त्याच्यासारखी जागा नाही. तिथे ही कार्डे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटच्या पाकिटांत घालू लागले. पाकीट चेपू नये म्हणून घातलेला पुठ्ठा आणि त्यावर छापलेले चित्र, एवढेच त्यांचे मूळ. पुढे च्युइंगगमच्या जोडीने ती मुलांच्या हाती गेली. टॉप्स कंपनीने 1952 साली काढलेल्या बेसबॉलच्या कार्डांत मिकी मँटल या खेळाडूचे एक कार्ड आहे. त्याची एक उत्तम स्थितीतली प्रत ऑगस्ट 2022 मध्ये लिलावात 1 कोटी 26 लाख डॉलरना गेली. हे कार्ड इतके दुर्मीळ का, याची एक हकिकत टॉप्सचे साय बर्गर स्वतः सांगत: त्या मालिकेची न खपलेली खोकीच्या खोकी 1960 च्या सुमारास त्यांनी पडावात भरून अटलांटिक समुद्रात बुडवली. उरलेले काम आयांनी केले. मुलगा मोठा झाला, शिकायला बाहेर पडला, आणि आईने माळा आवरताना त्याचा खोका कचऱ्यात टाकला. ही तिथल्या कित्येक घरांतली गोष्ट आहे. म्हणजे त्या कार्डांची किंमत आली ती जपण्यातून नव्हे, टाकून देण्यातून.

याची उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. 1980 च्या दशकात जुन्या कार्डांच्या किमती ऐकून अमेरिकेतले लोक शहाणे झाले. त्यांनी नवी कार्डे घेऊन थेट प्लॅस्टिकच्या पाकिटांत घातली. कंपन्यांनीही बेसुमार छापली. कोणीच काही टाकले नाही, आणि म्हणून त्या काळातली बहुतेक कार्डे आज कवडीमोल आहेत. सगळेच जपले की जपलेल्याला मोल उरत नाही, हा धडा बाजाराने शिकवला. तो आपल्या यादीलेखकांपर्यंत पोचायचा आहे.

पण माझ्या दृष्टीने या बाजारातली सर्वांत बोलकी गोष्ट किमतींची नाही, प्रतवारीची आहे. 1991 पासून तिथे पीएसए नावाची संस्था कार्डांना एक ते दहा असे गुण देते. तज्ज्ञ कोपरे पाहतात, कडा पाहतात, पृष्ठभागावरचे ओरखडे पाहतात, चित्र मधोमध आहे की सरकले आहे ते पाहतात. मग ते कार्ड कडक प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद होते आणि वर गुणांची चिठ्ठी लागते. दहापैकी दहा मिळवणाऱ्या कार्डाचा अर्थ काय? त्याला कोणी खिशात घातले नाही. त्याच्यावरून कोणी भांडले नाही. ते कोणी जिंकले नाही आणि कोणी हरले नाही. एखाद्या मुलाने त्या कार्डाला हात लावल्याची जी जी खूण असेल, ती दोष म्हणून मोजली जाते आणि तिचे गुण कापले जातात. प्रौढ माणूस आपल्या बालपणाच्या ओढीने लाखो रुपये मोजतो आणि विकत काय घेतो, तर ज्याला कोणत्याही मुलाचा स्पर्श झालेला नाही असे बालपण. मे 2021 मध्ये टार्गेट या साखळीदुकानांनी या कार्डांची विक्री काही काळ थांबवली, कारण एका दुकानाच्या आवारात त्यांवरून मोठ्या माणसांत मारामारी झाली होती. मुले त्या चित्रात कुठेच नव्हती.

याहून पुढची गोष्ट होनस वॅग्नर या खेळाडूच्या कार्डाची. 1909 ते 1911 या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेल्या मालिकेतले हे कार्ड. वॅग्नरने हरकत घेतल्यामुळे त्याची छपाई लवकर थांबली, म्हणून ते दुर्मीळ. त्याची सर्वांत गाजलेली प्रत 1991 साली आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की याने एका भागीदारासह 4 लाख 51 हजार डॉलरना घेतली. पीएसएने प्रमाणित केलेले पहिले कार्ड तेच, आणि त्याला दहापैकी आठ गुण मिळाले. इतक्या जुन्या कार्डाच्या कडा इतक्या धारदार कशा, ही कुजबुज पहिल्यापासून होती. 2007 साली त्याची किंमत 28 लाख डॉलरवर गेली. आणि 2013 साली, पूर्वी ते विकलेल्या बिल मास्ट्रो या लिलावदाराने न्यायालयात कबूल केले की ते अधिक चांगले दिसावे म्हणून आपण त्याच्या कडा कापल्या होत्या.

या कबुलीजबाबात मला एका सबंध वाङ्मयप्रकाराची समीक्षा दिसते. आपली 'यादी' हेच करते. ती भूतकाळाच्या मळलेल्या कडा कापते, कोपरे सरळ करते आणि मग 'किती छान जपलंय!' म्हणून दाद घेते.

इथे मी स्वतःला वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. मी साताऱ्यातल्या एका सरकारी वसाहतीत वाढलो. माझ्याकडे ट्रम्प कार्डांचा गठ्ठा होता आणि तीन इमारतींमध्ये असे दोनच गठ्ठे होते. या खेळाचे एक वैशिष्ट्य यादीलेखक कधी सांगत नाहीत: डावात कोणीही जिंको, खेळ संपला की गठ्ठा मालकाच्या घरी जातो. 'कार्डं माझी, डाव माझा' हा त्या खेळाचा न छापलेला पहिला नियम होता. कोणाला वाटायची आणि कोणाला नाही, हे मी ठरवत असे.

वसाहतीच्या फाटकाशी लिंबाच्या झाडाखाली एक इस्त्रीचे दुकान होते. दुकान कसले, एक टेबल, वर पत्रा, कोळशाची इस्त्री. त्या इस्त्रीवाल्यांचा मुलगा आमच्याच वयाचा होता. तो कपड्यांचे गठ्ठे घरोघर पोचवी आणि मधल्या वेळात आमच्या पाठीशी उभा राहून खेळ पाही. त्याच्याकडे एकही कार्ड नव्हते. एकदा गडी कमी पडला म्हणून मी त्याला घेतले. त्याने मला तीन डाव सलग हरवले. त्याच्या हाती सामान्य कार्ड आले तरी त्याच्यातला कोणता आकडा इतरांहून वरचढ आहे, हे त्याला नेमके माहीत असे. नंतर लक्षात आले की त्याला गठ्ठ्यातल्या प्रत्येक कुस्तीगीराचे सगळे आकडे तोंडपाठ होते. कार्ड उलटे धरून आम्ही त्याची परीक्षा घेतली. छाती, दंड, लढलेल्या लढती, जिंकलेल्या लढती, काहीही विचारा. एकही चूक झाली नाही. दुसऱ्या दिवशी मी नवा नियम केला: ज्याला पाठ आहे त्याने खेळायचे नाही, ती फसवणूक आहे. सगळ्यांनी मान डोलावली, कारण कार्डे माझी होती. तो काही बोलला नाही. पुढे कधी पाहायलाही उभा राहिला नाही.

तीन वर्षांपूर्वी मी तसाच एक जुना गठ्ठा विकत घेतला. मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसे दिले. पाकीट फोडले, कार्डे ओळीने मांडली, आणि माझ्या ध्यानात आले की मला एकही आकडा आठवत नाही. आठवण्याची मला कधी गरजच पडली नव्हती. कार्डे माझ्या खणात होती. माझ्याकडे संग्रह होता, त्याच्याकडे स्मरण होते. मी आजवर 'आमच्या लहानपणी' म्हणून त्या कार्डांविषयी जितक्यांदा रंगून बोललो होतो, तितक्यांदा ही कड कापून बोललो होतो. तो मुलगा सगळ्या आठवणींत होता, फक्त चौकटीच्या बाहेर. कार्डांनी मला त्याची आठवण करून दिली असे म्हणणे सोयीचे होईल, पण ते खरे नाही. वीस-पंचवीस वर्षे कार्डांनी त्याला झाकूनच ठेवले होते.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप वाल्टर बेन्यामिन यांच्या नावाने येईल. आपली ग्रंथखोकी उघडताना त्यांनी 1931 साली लिहिलेला निबंध विद्यार्थ्यांना परिचित आहे. संग्राहक वस्तूला उपयुक्ततेच्या जाचातून सोडवतो, असे त्यांच्या विवेचनाचे एक सूत्र आहे. पण बेन्यामिन यांचे पुस्तक ज्या शहरात, ज्या दुकानात, ज्या लिलावात त्यांच्या हाती आले, त्याचा सगळा इतिहास ते बरोबर बाळगतात. त्या इतिहासाशिवाय त्यांच्या लेखी ती वस्तू अपुरी आहे. प्रतवारीच्या बाजारात हाच इतिहास डाग ठरतो. तेव्हा बेन्यामिन यांना या बाजाराचे वकीलपत्र देता येणार नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक अडचणीचा वाटतो. अशी किरकोळ छापील सामग्री कोणतेही ग्रंथालय जपत नाही. संग्राहकांनी जपली नाही तर उद्याच्या अभ्यासकाने काय पाहायचे? हे मला मान्य आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरणही अमेरिकेतच आहे. सिरॅक्यूज येथील जेफरसन बर्डिक हा विद्युत उपकरणांच्या कारखान्यात काम करणारा, संधिवाताने जखडलेला माणूस. त्याने तीन लाखांहून अधिक कार्डे आणि तत्सम छापील चीजवस्तू जमवल्या, त्यांची सूची केली आणि सगळा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकला. तो नीट लावण्यासाठी तो वर्षानुवर्षे तिथे बसला. जानेवारी 1963 मध्ये काम संपले आणि दोन महिन्यांनी तो वारला. वॅग्नरचे ते कार्ड ज्या 'टी206' या खुणेने आज ओळखले जाते, ती खूण बर्डिकच्या सूचीतली आहे. त्याला बेसबॉलचे फारसे वेडही नव्हते. आणि त्याने ती कार्डे काय केली? खळ लावून वह्यांत चिकटवली. आजच्या बाजाराच्या हिशेबाने त्याने त्यांचे वाटोळे केले. पण त्याला गुण मिळवायचे नव्हते. लोक काय छापत होते आणि काय पाहत होते, हे पुढच्यांना दिसावे, एवढेच हवे होते. असा संग्रह हे ज्ञान आहे. संग्रहाला माझा विरोध नाही. संग्रहाला स्मरण म्हणण्याला आहे.

कारण स्मरण म्हणजे काय, हे मराठी वाचकाला नव्याने शिकवण्याची गरज नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने पोळलेले घर आहे. आपण ते हसत वाचतो, पण त्या हसण्यातून त्या घरी परत जावेसे कोणालाही वाटत नाही. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (1978) लेखक आपल्याच दगडू या जुन्या नावाशी बोलत राहतो. ज्याला विसरून पुढे जाता आले असते त्यालाच समोर बसवतो. प्रकाश नारायण संतांचा लंपन तर निखळ आनंदाने भरलेला आहे, पण तो आनंद वस्तूंच्या नावांवर उभा नाही. एका मुलाचे जगणे, त्याचे गोंधळ, त्याची आई-वडिलांपासून दूर असण्याची सल हे त्याखाली सतत वाहते. या तिन्ही लेखनांत बालपण आहे आणि तिन्हींत ते मळलेले, हाताळलेले, कोपरे उललेले आहे. प्रतवारी करणाऱ्याने त्यांना दहापैकी दोन गुणही दिले नसते.

यादीलेखनाचा खरा दोष असा की त्याचा 'आपण' फार स्वस्त आहे. 'आपण सगळे हे खेळलो' असे म्हटले की ज्यांना खेळायला घेतले नव्हते ते आपोआप 'सगळे'च्या बाहेर जातात, आणि बाहेर काढणाऱ्याला आपण कोणाला बाहेर काढले हे कळतही नाही. वस्तूचे नाव हे त्या 'आपण'चे प्रवेशपत्र असते. ज्याच्याकडे वस्तू होती तोच त्या पिढीचा; ज्याने ती नुसती पाहिली, त्याची पिढी कोणती?

म्हणून यंदा मी वर्गात विषय बदलला. 'बालपणीची एक वस्तू' ऐवजी 'तुमच्याकडे नसलेली एक वस्तू' असा दिला. पहिले दोन तास कोणी काही लिहिले नाही. मग एकीने शेजारच्या घरातल्या सायकलीविषयी लिहिले. ती सायकल तिने फक्त पुसली होती. त्या दोन पानांत एकदाही 'आठवतंय का?' नव्हते. तिला कोणाला विचारायची गरज नव्हती. तिला घंटीचा आवाज, साखळीच्या तेलाचा वास, सगळे पाठ होते.

माझा गठ्ठा खणात पडून आहे. तो प्लॅस्टिकमध्ये घालावा असे मला वाटत नाही, आणि त्याच्याशी खेळावे असा जो एक गडी होता त्याचा पत्ता मला माहीत नाही.